पणजोबा कोण होते, कुठनं आले आणि ती विचित्र गोष्ट खरी का? सोलापूरकरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाहुण्यारावळ्यांत आणि ओळखीपाळखीत सारखे तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी काय इतिहासाचा प्राध्यापक नाही, जुने कागद हुडकायचा नाद आहे एवढंच. सोलापूर शहर आणि आजूबाजूचे तालुके डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, बाकीच्यांनी आपापल्या हिशोबानं घ्या.

सुरुवात कुठनं करायची?

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासनं, आणि आजच. कागद कचेरीत अजून वीस वर्षं पडून राहतील, आजी राहणार नाही, सरळ हिशोब आहे.

पण आजीसमोर बसून "वंशावळ सांग" म्हणलात तर ती "मला काय ठाऊक बाबा, ते पुरुषांचं काम" म्हणून मोकळी होते. त्यापेक्षा विचारा की तुझ्या लग्नात कोण कोण आलं होतं, मूळ घेऊन कोण आलं, आहेर कुणाचा मोठा होता, रुसून कोण बसलं, घरात कुणाचं नाव कुणाला ठेवलं. मग बघा कशी सुटते ती. भांडणातनं जेवढी नाती कळतात तेवढी कशातनंच कळत नाहीत. आणि आत्यांना विसरू नका, आत्या लोकांना माहेरचं सगळं पाठ असतं आणि त्या सासरी असल्यामुळं बोलायला भीतही नाहीत. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा, विचारून लावा, चोरून नको.

आम्ही मूळचे कुठले हे कसं कळणार? घरात तीन भाषा चालतात.

सोलापुरात हे नॉर्मल आहे ओ. १८६० ला रेल्वे आली, १८७७ ला जुनी मिल निघाली, मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या झाल्या आणि माणूस चहूबाजूंनी आला. पूर्व भागातली पद्मशाली घरं बहुतेक तेलंगणातनं, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातनं विणकामासाठी आली, तिकडचं गाव हुडकायचं तर घराण्याचं इंटिपेरू, म्हणजे तेलुगूतलं घराण्याचं नाव, आणि गोत्र दोन्ही लिहून घ्या, नुसत्या मराठी वळणाच्या आडनावावर जाऊ नका. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या लिंगायत घरांनी विजापूर, इंडी, कलबुर्गी बाजूला नातेवाईक बघावेत. त्या काळी सीमा आत्तासारखी नव्हती, विजापूर जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता आणि सोयरीक तर आजही होते. अक्कलकोटचं तर संस्थानच वेगळं होतं, १९४८ ला ते विलीन झालं.

सगळ्यात भारी धागा कुलदैवताचा. माणूस गाव सोडतो, भाषा सोडतो, आडनाव बदलतो, पण कुलदैवत सहसा सोडत नाही. घर सोलापुरात चार पिढ्या आणि कुळाचाराला मात्र सगळे लांबच्या कुठल्यातरी खेड्यातल्या भैरोबाला जात असतील तर त्या खेड्यात जाऊन पुजाऱ्याला विचाराच. तुळजापूर, पंढरपूर सगळ्यांचंच असतं, त्यावरनं गाव कळत नाही. जे देऊळ दुसऱ्या कुणाला माहीतच नाही ते तुमच्या कामाचं.

निजामाच्या हद्दीतली गावं, तुळजापूर-नळदुर्गाकडची, यातल्या बऱ्याच घरांत "रझाकाराच्या वेळी रातोरात आलो" अशी गोष्ट असते. १९४७-४८ मध्ये तिकडनं माणसं खरंच इकडच्या हद्दीत पळून आली, सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाल्यावर काही परत गेली, काही इथंच राहिली. त्यामुळं त्या घरांचे १९४८ च्या आधीचे कागद सोलापूरच्या कलेक्टर ऑफिसात मिळणार नाहीत, धाराशिवकडं बघा, आणि ते उर्दूत निघाले तर दचकू नका, निजामाचा कारभार उर्दूतच चालायचा.

कागद नेमके कुठले मागायचे?

गावाकडचं घर असेल तर सगळ्यात आधी गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला नक्कल अर्ज करायचा. बापाचं नाव, जात, तारीख असते. मुलाचं नाव बऱ्याचदा नसतंच, कारण नोंद बारशाच्या आधी व्हायची, नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी" लिहिलेलं असतं, त्यामुळं आजोबांचं नाव टाकून हुडकू नका, पणजोबांचं टाका.

मग फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. माझं स्पष्ट मत आहे की घराण्याचा खरा इतिहास फेरफारात असतो. कोण मेलं, वारस किती, त्यात मुली किती, कुणी हक्क सोडला, कुणी कर्जात जमीन घातली, कुणी भावाला विकली, सगळं तिथं. सातबारा बघून लोक परत येतात आणि म्हणतात काय मिळालं नाही. अहो सातबाऱ्यावर ते गोल केलेले नंबर असतात ना, तेच फेरफार नंबर आहेत, एकेक काढत मागं जावा की. जुने स्कॅन केलेले कागद भूमी अभिलेखच्या पोर्टलवर टप्प्याटप्प्यानं येतायत, तुमचा तालुका आलाय का ते आधी बघा, हेलपाटा वाचेल.

शहरातलं घर असेल तर सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड आणि महापालिकेचा जन्ममृत्यू विभाग. नोंद सापडत नसेल तर पेठेचं नाव सांगा, हल्लीचा पत्ता त्या वहीत नसतो.

शाळेचं जनरल रजिस्टर तिसरं. प्रवेश निर्गम उतारा मागायचा. ख्रिश्चन घरांनी चर्चचं बाप्तिस्मा रजिस्टर बघावं, अमेरिकन मराठी मिशनचं सोलापुरात जुनं काम आहे. मुसलमान घरांनी काझींकडचं निकाहाचं रजिस्टर.

जुन्या उताऱ्यावर "ए.कु.मॅ.", "अ.पा.क.", "भ्र." असलं काय काय लिहिलंय.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन त्या एकट्याची नव्हती, मागं भाऊ आहेत, ते कोण ते हुडका. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मालक लहान होता आणि कुणीतरी मोठं माणूस त्याच्या वतीनं. हे दिसलं की समजायचं की बाप लवकर गेलाय, आणि त्या सालाच्या मागंपुढं कोतवाल बुकात मृत्यू सापडतोच सापडतो. भ्र. म्हणजे भ्रतार, पुढं नवऱ्याचं नाव. मोडी कागदात "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा आणि "कोम" म्हणजे अमक्याची बायको.

बायकांचं काहीच सापडत नाही, काय करायचं?

खरंय. लग्नात नाव बदललं, माहेरचं आडनाव कुठं लिहिलं नाही, आणि वंशावळीच्या तक्त्यात तर बायका नसतातच, जणू सगळे पुरुष आपोआप झाले. जमेल तेवढं असं करा: माहेरच्या गावचं नाव धरा, "बार्शीची आजी", "मोहोळची काकू" असं घरात म्हणतात ना, मग त्या गावात तिच्या भावाच्या नावानं शोधा. हक्कसोडपत्राच्या फेरफारात बहिणींची नावं नवऱ्याच्या नावासकट आणि गावासकट येतात. म्हणजे बाईनं हक्क सोडला तेव्हाच तिची नीट नोंद झाली, असा आपला कारभार.

कागद मोडीत आहेत. कोण वाचून देईल?

पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, शिकलेली माणसं सोलापुरातही आहेत. पैसे घेऊन वाचून देतात, त्यात काही गैर नाही, कष्टाचं काम आहे. पण आधी चांगला फोटो काढा, उन्हात नाही, सावलीत, सरळ वरनं. लॅमिनेशन अजिबात करू नका, हात जोडून सांगतो. प्लॅस्टिकमध्ये शिजवलेला कागद परत सुटत नाही.

स्वतः शिकायचं असेल तर शिका की, अक्षरओळख लवकर होते, वेळ जातो तो घसटं हस्ताक्षर लावण्यात. इनाम, वतन, पाटीलकी, कुलकर्णपण, देशमुखी असलं काही घराण्यात असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला पेशवे दप्तर म्हणतात तिथं, काही ना काही असण्याचा चान्स चांगला आहे, कारण १८५२ ला नेमलेल्या इनाम कमिशननं सगळ्या इनामदारांकडनं पुरावे मागितले होते. लोकांनी तेव्हा आपापल्या घराण्याच्या हकिकती लिहून दिल्या. त्या वाचताना एवढं ध्यानात ठेवायचं की ते लिहिणाऱ्याला इनाम वाचवायचं होतं, त्यामुळं प्रत्येकाचा पूर्वज शूरच निघतो.

तारखा कळत नाहीत. शके, फसली, सुहूर, काय हे?

शकेत ७८ मिळवा, पौष ते फाल्गुन असेल तर साधारण ७९. शके १८०० म्हणजे १८७८. फसलीत ५९०, फसली १३३० म्हणजे १९२०-२१, निजामाकडच्या कागदावर हेच जास्त. सुहूर सन पेशवाईच्या कागदात येतो, त्यात ५९९ किंवा ६००.

म्हातारी माणसं संवत्सराचं नाव सांगतात कधीकधी. ते साठ वर्षांनी परत येतं. "धात्याचा दुष्काळ" म्हणजे शके १७९८, १८७६-७७, तो मोठा दुष्काळ. पुढचा धाता १९३६-३७ ला. म्हणजे आजी म्हणाली की तिची आई धात्यात झाली तर वयावरनं ठरवायचं कुठला धाता.

आणि "मानमोडीत गेला" म्हणाले तर १९१८ धरा, इन्फ्लुएंझाची साथ. आमच्याकडं बऱ्याच घरांत पणजोबांची पहिली बायको "अचानक वारली" असं असतं, साल काढलं की १९१८ निघतं. प्लेगमध्ये गेला म्हणाले तर एवढं नेमकं साल मिळत नाही, प्लेग १८९६ पासनं पुढं बरीच वर्षं परत परत येत होता.

आजोबांची जन्मतारीख १ जून आहे, आजोबांच्या भावाचीपण १ जून. जुळे होते का?

नाही ओ. गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली तारीख आहे ती. अख्खा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय. हात डोक्यावरनं कानाला लागतोय का बघायचे आणि साल अंदाजे ठोकायचे. कोतवाल बुकातली तारीख जास्त खरी.

वंशावळ तोंडपाठ सांगणारी माणसं खरंच असतात का?

असतात. आपल्या भागात हेळवी येतात, पूर्वी बैलावर बसून यायचे. ठरलेल्या घराण्यांची वंशावळ त्यांच्याकडं असते, सुगीनंतर येऊन वाचायची, धान्य-कपडे-पैसे घ्यायचे आणि नवीन झालेली पोरं वहीत चढवायची. आता कमी झालेत, पण गावाकडं चौकशी केली तर "अमक्या महिन्यात येतो तो" असं सांगतात. मराठ्यांकडं काही ठिकाणी भाट. पद्मशाली समाजात कूनपुली म्हणून मंडळी आहेत, मार्कंडेय पुराणाची कथा चित्रं काढलेला कापडाचा पट दाखवून सांगायची त्यांची परंपरा.

शिवाय तीर्थक्षेत्रातल्या वह्या. पंढरपूरला क्षेत्रोपाध्ये, त्र्यंबकेश्वर-नाशिकला तीर्थोपाध्ये, काशी-गयेला पंडे. दशक्रियेला, पिंडदानाला गेलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं किंवा अंगठ्यानं तिथं नोंद केलेली असते, सोबत कोण होतं, गाव कुठलं, आजा-पणजा कोण. तिथं जाताना मूळ गाव आणि जुनं आडनाव माहीत पाहिजे, नाहीतर तुमचे उपाध्ये कोण हेच कळत नाही. दक्षिणा द्यावी लागते, मोकळ्या हातानं जाऊ नका. फोटो काढू देतील न देतील, विचारा नम्रपणे.

घरात एक गोष्ट सांगतात की पणजोबांना शेतात सोन्याचा हंडा सापडला आणि त्यामुळं वंशाला शाप लागला. असलं काही खरं असतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. हंडा, शाप, नाग, रात्री आलेला साधू, घोड्यावरनं आलेला मूळपुरुष, वाघाशी झुंज. ह्या गोष्टी मी कधी हसण्यावारी नेत नाही आणि खऱ्याही मानत नाही. असली गोष्ट बऱ्याचदा कशाच्या तरी जागेवर बसवलेली असते, तेव्हा तिच्या आजूबाजूचं साल काढायचं आणि त्या सालाचे कागद बघायचे, एवढंच आपलं काम.

हंड्याच्या गोष्टीत बघायचं काय, तर घरात अचानक पैसा कधी आला. त्या सुमाराचे जमीन खरेदीचे फेरफार काढा, विकणारे कोण बघा. दुष्काळाचं साल निघालं आणि विकणारी सगळी गावातली गरीब कुळं निघाली तर समजायचं की पणजोबा सावकारी करत होते आणि पडत्या भावात जमिनी घेतल्या. गावानं शाप दिला असेल तो ह्याचाच, आणि घरानं पुढच्या पोरांना सांगताना हंडा सांगितला. एका ओळखीच्या घरात अगदी हेच निघालं आणि ते काका म्हणाले, "हंडाच बरा होता राव."

उलटंही होतं. "आमचे आजोबा बारा वर्षं साधू होते, हिमालयात गेले होते" ही गोष्ट घरातले सगळे थट्टेवारी घ्यायचे, आणि दुसरीकडच्या एका मठाच्या देणगीच्या वहीत त्यांचं नाव गावासकट निघालं. हिमालय नाही, पण मठ खरा. म्हणून सांगतो, गोष्ट जशी ऐकली तशी शब्दाला शब्द लिहून ठेवा, स्वतःची अक्कल लावून ती नीटनेटकी करू नका. ज्या बारक्या गोष्टीला काही अर्थच लागत नाही, कुठल्यातरी ओढ्याचं नाव, कुठलातरी वार, तीच पुढं उपयोगी पडते.

पणजोबा मार्शल लॉमध्ये होते म्हणतात. कसं शोधायचं?

सोलापुरात निम्म्या घरांचे पणजोबा मार्शल लॉमध्ये असतात, त्यामुळं जरा काटेकोर राहा. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली, ८ मे ला इथं गोळीबार झाला, पुढचे दोन-तीन दिवस शहरात इंग्रजांचा अंमलच उरला नव्हता, १२ मे ला मार्शल लॉ लागला तो ३० जूनपर्यंत. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, चार हुतात्मा चौक त्यांचाच.

आता तुमच्या पणजोबांचं. शिक्षा झाली असेल तर नोंद राहते. घरात १९७२ चा ताम्रपट आहे का, स्वातंत्र्यसैनिक पेन्शनची फाईल आहे का बघा, त्या फाईलला जेलचा दाखला जोडलेला असतो. नाहीतर मुंबईच्या पुराभिलेखागारात गृहखात्याच्या फायली. नुसते मोर्चात चालले असतील तर कागद मिळणार नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. गांधी टोपी घातली म्हणूनसुद्धा त्या दिवसांत माणसं धरली जायची.

आमचं घर सेटलमेंटमधलं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

१८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या आणि पुढं सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवल्या, तीच सेटलमेंट. हजेरी द्यायची, बाहेर जायला पास लागायचा, बरीच माणसं गिरण्यांत कामाला जायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटका झाली, म्हणून तो विमुक्त दिन. ह्या कारभाराची इंग्रजांनी भरपूर कागदपत्रं केली, सरकारी अहवालही छापले. शोधताना जपून, त्या कागदात "गुन्हा" म्हणून जे लिहिलंय ते पुष्कळदा नुसता जन्म आहे किंवा हजेरी चुकलेली आहे. आणि घरातलं म्हातारं माणूस बोलायचं नाही म्हणालं तर तिथंच थांबा.

पणजोबांचा एक भाऊ घर सोडून गेला तो परत आलाच नाही. सापडेल का?

तरुण असताना १९१४ ते १९१८ मध्ये गेला असेल तर आधी पलटण बघा. कित्येक गावांत चावडीवर किंवा वेशीत संगमरवरी पाटी असते, या गावातनं महायुद्धाला इतकी माणसं गेली, इतकी मेली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर नावं फुकट शोधता येतात, काहींच्या पुढं बापाचं नाव आणि गावही आहे. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाच्या यादीत हिंदी शिपाई हजारोंनी आहेत. नावाची स्पेलिंगं भयंकर आहेत, गावावरनं शोधा. इंग्रजीत सोलापूरसुद्धा तेव्हा "शोलापूर" लिहायचे, हे सगळ्याच जुन्या कागदांना लागू.

पलटणीत नसेल तर मुंबईची गिरणी, नाहीतर दुसरा संसार. दुसरा संसार बऱ्याचदा असतो.

दुसरी बायको, दत्तक, घरातनं काढलेली मुलगी, असलं काही निघालं तर सांगायचं का सगळ्यांना?

मेलेल्यांचं लिहून ठेवा, जिवंत माणसाला लागणारं असेल तर त्याला आधी एकट्याला सांगा, व्हॉट्सॲपच्या भावकी ग्रुपवर टाकू नका. दत्तक तर आपल्याकडं घराघरांत आहे, भावाचा मुलगा, मुलीचा मुलगा, पत्र करून घेतलेला. वंशावळ जुळत नसेल, बाप आणि मुलात दहाच वर्षांचं अंतर दिसत असेल, तर पहिला संशय दत्तकाचा घ्या.

डीएनए टेस्ट करू का?

हौस असेल तर करा. पणजोबांचं गाव त्यातनं निघणार नाही. त्या पैशात त्र्यंबकेश्वरला जाऊन या.

आम्हाला फक्त जातीच्या दाखल्यासाठी पुरावा पाहिजे.

मग शोध वेगळा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा आणि कोतवाल बुक ह्यावर बहुतेक काम भागतं. कुणबी नोंदींच्या शोधामुळं २०२३ पासनं रेकॉर्ड रूममध्ये गर्दी वाढली, पण जुनी मोडी रजिस्टरं कपाटातनं बाहेर आली, वाचली गेली, स्कॅन झाली, ह्याचा फायदा आपल्यासारख्या नाद असलेल्यांनाही झाला.

मी उतारे काढतोय म्हणल्यावर चुलत्यांनी बोलणंच बंद केलं. आता?

होणारच. आपल्याकडं कुणी जुने फेरफार मागतोय म्हणजे तो वाटणीला उठलाय असंच भावकी धरते, आणि दहातले आठ जण खरंच त्यासाठीच उठलेले असतात, मग त्यांची तरी काय चूक. आधी घरी जावा, चहा घ्या, काय शोधताय ते मोकळेपणानं सांगा. मिळालेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स त्यांना आधी द्या, तुम्ही नंतर वाचा. त्यांच्याकडच्या पेटीतले फोटो मागताना पेटी घरी नेऊ नका, तिथंच बसून मोबाईलवर काढा. आणि वाटणीचा विषय त्यांनीच काढला तर उठून या, वकिलाचं काम वकिलाला करू द्या. एखादा चुलता तरीही नाहीच बोलला तर त्याच्या सुनेला विचारा, तिला सगळं माहीत असतं.